परळची प्रयोगशाळा आणि डॉ. कमल रणदिवे



महाड-पोलादपूरच्या घरांत परळ हे नाव दोन कारणांनी माहीत होते. एक गिरणी आणि दुसरे टाटा हॉस्पिटल. वडील-काका गिरणीत असायचे आणि गावाकडे कुणाला ‘मोठा आजार’ निघाला की एस.टी.ने त्यांच्याच खोलीवर उतरायचे. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाच्या साथीने या आजाराचे मूळ शोधणारी एक संशोधन संस्थाही परळला उभी राहिली. मी पुढे परळच्याच एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, तेव्हा जुन्या लोकांच्या तोंडी एक नाव सतत ऐकले. डॉ. कमल रणदिवे. स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयीच लिहावेसे वाटले.

माहेरच्या त्या कमल समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण त्यांनी जीवशास्त्र धरले. एम.एस्सी.चा अभ्यास सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर केला. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली कामाला लागल्या. खानोलकर हे रोगनिदानशास्त्रातले मोठे नाव. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचे नाते त्यांनी अभ्यासले होते. आपल्याकडच्या मिश्री लावणाऱ्या आज्या आठवल्या की त्या कामाचे मोल कळते.

त्या काळी विषाणूमुळे कॅन्सर होतो हे फार थोडे लोक मानत. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले होते की काही जातींच्या उंदरांत स्तनाचा कॅन्सर आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो. त्यामागे विषाणू असल्याचे पुढे ठरले. (हे उंदरांपुरते. आईच्या दुधाने बाळाला कॅन्सर होत नाही.) रणदिवेबाईंनी उंदरांवरच अभ्यास करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा मेळ कसा बसतो, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या आणि शरीराबाहेर पेशी जिवंत वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. हे काम शेतीसारखेच असते. पोषक द्रव वेळेवर बदलायचा, तापमान सांभाळायचे. एका बुरशीच्या कणाने महिन्यांची मेहनत वाया जाते.

याच संस्थेत बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू म्हणतात. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती त्या जंतूविरुद्ध उभीच राहत नाही. तिला जागे करणारी लस पुढे याच जंतूपासून तयार झाली.

रणदिवेबाई १९६६ ते १९७० संस्थेच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये स्त्री-वैज्ञानिकांची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी आपण एस.एस.सी.ला बसलो होतो! २००१ मध्ये त्या गेल्या. संस्था पुढे खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आली.

विषाणू आणि कॅन्सरचे नाते आता पुस्तकातले राहिलेले नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो, हे दाखवणाऱ्या हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर देशी लस आणली आहे. ९ ते १४ या वयात ती घेतली तर सर्वांत जास्त उपयोग होतो. आपल्या वर्गातल्या दोघींच्या आया याच आजाराने गेल्या. दोघीही फार उशिरा परळला पोचल्या होत्या.

म्हणून या मेळाव्याला एक विनंती. आपल्या नातींना ही लस द्या, घरातल्या बायकांची तपासणी करून घ्या. आणि शाळेसाठी निधी जमेल त्यातून मुलींच्या हाती दोन चांगले सूक्ष्मदर्शक येऊ द्या. रणदिवेबाईही एका मराठी शाळेतूनच गेल्या होत्या.