प्रोस्टेट ग्रंथी आणि अँटिऑक्सिडंट द्रव्ये : आहारातून की गोळ्यांतून?

पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून असलेल्या, साधारणतः अक्रोडाएवढ्या ग्रंथीस प्रोस्टेट अथवा पुरःस्थ ग्रंथी असे म्हणतात. उतारवयात ती आकाराने वाढणे सर्रास आढळते. काही पुरुषांमध्ये मात्र तिच्यात कर्करोग उद्भवतो. तो टाळण्यासाठी अँटिऑक्सिडंट गोळ्या घेण्याकडे अनेकांचा कल असतो. या गोळ्यांबाबत झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष वेगळेच आहेत.

शरीरातील चयापचयात मुक्त मूलक नावाचे अस्थिर घटक निर्माण होतात आणि ते पेशींतील डीएनएला इजा पोहोचवू शकतात. ई आणि क जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन, टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन ही द्रव्ये त्यांना निष्प्रभ करतात. सेलेनियम हे खनिज याच कामी येणाऱ्या विकरांचा घटक आहे.

फिनलंडमध्ये 1985 ते 1993 या काळात धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर एक चाचणी झाली. फुफ्फुसाचा कर्करोग रोखणे हा तिचा मूळ हेतू होता. तो साध्य झाला नाही; उलट बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला. मात्र रोज 50 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण 32 टक्क्यांनी कमी आढळले. सेलेनियमबाबतही अमेरिकेतून 1996 मध्ये असाच आशादायक अहवाल आला. दोन्ही चाचण्यांत प्रोस्टेटविषयीचा निष्कर्ष आनुषंगिक होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

त्याची थेट पडताळणी करण्यासाठी 2001 मध्ये 'सिलेक्ट' ही चाचणी सुरू झाली. अमेरिका, कॅनडा व प्युर्तो रिको येथील 35 हजारांहून अधिक पुरुष तीत सहभागी झाले. ई जीवनसत्त्वाची मात्रा 400 युनिट, म्हणजे फिनलंडमधील मात्रेच्या सुमारे आठपट होती. लाभ दिसत नसल्याने ऑक्टोबर 2008 मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या. परंतु सहभागींच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. 2011 च्या अहवालानुसार निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात 529, तर केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात 620 जणांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. ही वाढ 17 टक्के होती. विशेष म्हणजे गोळ्या बंद झाल्यानंतरच ती स्पष्टपणे दिसून आली. सेलेनियमचाही उपयोग झाला नाही.

टोमॅटोविषयीचे चित्र थोडे निराळे आहे. शिजविलेल्या टोमॅटोतील लायकोपिन तेलाच्या सोबतीने अधिक चांगले शोषले जाते. त्या दृष्टीने फोडणीचे सार कच्च्या कोशिंबिरीपेक्षा सरस ठरावे. टोमॅटो अधिक खाणाऱ्यांमध्ये हा कर्करोग कमी असल्याचे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1995 मध्ये नोंदविले होते. तथापि अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये टोमॅटोबाबतचा पुरावा अत्यंत तुटपुंजा ठरविला, तर लायकोपिनच्या गोळ्यांसाठी विश्वासार्ह पुरावाच नसल्याचे म्हटले. कलिंगड व लाल गराचा पेरू यांतही लायकोपिन असते.

शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाचे तेल यांतून मिळणाऱ्या ई जीवनसत्त्वाला या चाचण्यांनी दोष दिलेला नाही. प्रश्न आहे तो मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असलेल्यांना अशा गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोकाही संभवतो. त्यामुळे लघवीची धार मंदावणे, रात्री वारंवार उठावे लागणे किंवा लघवीतून रक्त जाणे अशा तक्रारींसाठी डॉक्टरांकडे जाताना, स्वतःहून सुरू केलेल्या गोळ्यांची माहितीही त्यांना द्यावी.