रिक्सडॉर्फ : पुसून टाकलेल्या नावाचं गाव

इतिहास राजांचा लिहितात, शहरांचा लिहितात. शहरानं गिळलेल्या गावाचा लिहायला सहसा कुणी बसत नाही. म्हणून मी बसलो. गाव जर्मनीतलं, बर्लिनच्या वेशीबाहेरचं. नाव रिक्सडॉर्फ. आज नकाशात त्या जागी नॉयकोल्न लिहिलेलं असतं. हा बदल कसा झाला, कुणी केला, कुणासाठी केला, एवढंच मला सांगायचं आहे.

गावाचा पहिला कागद 26 जून 1360 चा. तो गावकऱ्यांनी लिहिलेला नाही. जमीन सेंट जॉन पंथाच्या लढवय्या साधूंची. एका हातात क्रॉस, दुसऱ्या हातात तलवार. त्यांनी आपल्या शेतवाडीचं गाव केलं आणि कुळांनी काय द्यायचं ते लिहून ठेवलं. म्हणजे गाव जन्माला आलं तेच देणं डोक्यावर घेऊन. पुढं 1435 मध्ये या साधूंनी गाव विकून टाकलं. घेणारी दोन जुळी शहरं : बर्लिन आणि कोल्न. 1543 पासून मालकी एकट्या कोल्नची. हे कोल्न नाव ध्यानात ठेवा. ते परत येणार आहे.

मग 1737 साल. बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक देशात, यान हुसला मानणारे लोक होते. हुसला धर्मसभेनं 1415 मध्ये जिवंत जाळलं होतं. 1620 मध्ये प्रागजवळच्या लढाईत बोहेमियाचे प्रोटेस्टंट हरले आणि हॅब्सबर्ग राजांनी त्यांचा धर्मच बंद केला. पोथी सापडली तरी शिक्षा. पिढ्यानपिढ्या लोक लपूनछपून प्रार्थना करत राहिले, शेवटी घरदार टाकून निघाले. प्रशियाचा राजा फ्रीडरिक विल्हेल्म पहिला यानं त्यांतल्या 18 कुटुंबांना रिक्सडॉर्फमध्ये जमीन दिली, नऊ जोडघरं बांधून दिली. मागून विणकर आले. त्यांना जमीन नाही. हातमाग हाच त्यांचा सातबारा.

राजा दयाळू होता, असं पुस्तकं सांगतात. मी एवढंच म्हणतो की युद्धानं आणि प्लेगनं ओस पडलेल्या मुलखात राजाला माणसं पाहिजे होती. हात पाहिजे होते, कर भरणारे पाहिजे होते. पाच वर्षांपूर्वीच, 1732 मध्ये, त्यानं साल्झबुर्गहून हाकललेल्या हजारो प्रोटेस्टंटांना पूर्व प्रशियात नेऊन वसवलं होतं. आसरा खरा होता, गरजही खरी होती. पण इतिहासात गरज राजाच्या बाजूला लिहीत नाहीत, उपकार मात्र निर्वासिताच्या खात्यावर टाकतात.

एका गावाची दोन गावं झाली. जर्मन रिक्सडॉर्फ आणि बोहेमियन रिक्सडॉर्फ. शेजारीशेजारी, पण मुखिया वेगळा, भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी. बोहेमियनांचं 1751 चं कब्रस्तान आजही आहे. त्यातल्या बंधुमंडळी पंथाच्या कबरी पाहण्यासारख्या आहेत. सपाट दगड, जमिनीलगत. थोराला उंच थडगं आणि गरिबाला मातीचा ढीग, असा प्रकार नाही. जिवंतपणी नाही तरी मेल्यावर त्यांनी उंची काढून टाकली. हा छोटा विचार नाही.

1 जानेवारी 1874 ला दोन्ही गावं एक केली, तेव्हा वस्ती आठ हजारांच्या आसपास. मग बर्लिनचे कारखाने वाढले, रेल्वे आली, खेड्यापाड्यांतून मजूर आले. 1910 ला आकडा 2 लाख 37 हजार. छत्तीस वर्षांत तीसपट! एवढी माणसं राहिली कुठं? मजूरचाळीत. पुढची इमारत रस्त्याकडं, तिच्यामागं आवार, आवारामागं दुसरी इमारत, तिच्यामागं आणखी आवार. बर्लिनच्या 1853 च्या बांधकाम नियमात आवार किमान 5.34 मीटर लांब-रुंद असावं, असं होतं. का? आगीचा बंब वळला पाहिजे म्हणून. बंबाचं माप घेतलं, माणसाच्या श्वासाचं माप कुणी घेतलं नाही. तोच नमुना रिक्सडॉर्फला आला. एका खोलीत कुटुंब, वर रात्रीपुरती खाट भाड्यानं घेणारा परका मजूर.

या मजुरांच्या गावात दारूचे गुत्ते होते, नाचघरं होती. 1889 मध्ये रिक्सडॉर्फवर एक पोल्का गाणं निघालं, घराघरात पोचलं. गावाचं नाव चेष्टेचं झालं. पांढरपेशा पुढाऱ्यांना लाज वाटू लागली. पैसेवाले, कर भरणारे इथं राहायला येईनात. उपाय काय काढला? खोल्या मोठ्या केल्या? आवारात ऊन आणलं? नाही. नाव बदललं. 27 जानेवारी 1912, कैसरचा वाढदिवस. त्या दिवशी रिक्सडॉर्फ पुसलं आणि नॉयकोल्न लिहिलं. नॉयकोल्न म्हणजे नवं कोल्न. ज्या कोल्ननं गाव विकत घेतलं, त्याच मालकाचं नाव!

त्याच 1912 मध्ये बोहेमियनांच्या वंशजांनी राजाचा पुतळा उभा केला, कृतज्ञता म्हणून. विणकराचा पुतळा उभा राहिला नाही.

1 ऑक्टोबर 1920 ला नॉयकोल्न बृहद् बर्लिनमध्ये गेलं. सात शहरं, 59 गावं, 27 जहागिरी एका दिवसात बर्लिन झाल्या. अडीच लाखांवर वस्तीचं नॉयकोल्न हे त्या सात शहरांपैकी एक. पण मागची आवारं तशीच. 1929 च्या मे महिन्यात मोर्चाबंदी मोडून कामगार रस्त्यावर आले, तेव्हा वेडिंग आणि नॉयकोल्न या दोन कामगार वस्त्यांत पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीसहून जास्त माणसं मेली. नवीन नावानं एकही गोळी अडली नाही.

पुढं 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून मजूर आले, त्याच जुन्या खोल्यांत राहिले. 2015 नंतर सीरियाचे निर्वासित आले. आज त्यांच्याकडं बोट दाखवून 'हे बाहेरचे' म्हणणारे आहेत. तिथंच, काही गल्ल्या पलीकडं, 1737 च्या बाहेरच्यांची घरं वारसा म्हणून जपली जातात. निर्वासित जुना झाला की वारसा होतो, नवा असला की प्रश्न.

मित्रांनो, नावाचा लढा म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच फरक नीट बघा. खालच्यांनी लढून घेतलेलं नाव वेगळं, आणि खालच्यांना झाकायला वरून लावलेली पाटी वेगळी. कुठल्याही गावाचा इतिहास हातात पडला की मी आता तीन गोष्टी आधी शोधतो. पहिला कागद कुणी लिहिला, गाव कुणी कुणाला विकलं, आणि मागच्या आवारात कोण राहत होतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दफ्तरात सापडतात. तिसऱ्याचं आपल्याला घरोघर फिरून लिहून काढावं लागेल.