चालून दाखव, मुली

कोल्हापुरात माझं बालपण पेठांच्या फुटबॉल मॅचेस बघण्यात गेलं. मैदानात सगळे पुरुषच. आम्ही मुली कठड्यावर, शेंगा सोलत. म्हणून असेल, नॉर्वेच्या एलेन विले मला फार आवडतात. या ठेंगण्या बाई 1986 मध्ये मेक्सिकोत फिफाच्या परिषदेत उठल्या आणि बायकांनाही विश्वचषक हवा, म्हणून ठणकावून आल्या.

फिफानं आधी चाचणी घेतली. जून 1988, चीनचा ग्वांगडोंग प्रांत, निमंत्रित 12 संघ. कांदेपोह्यांच्या वेळी मुलीला चालून दाखवायला लावत, तसलाच प्रकार! अंतिम सामन्यात लिंडा मेडालेनच्या एकमेव गोलवर नॉर्वेनं स्वीडनला हरवलं.

मुलगी पसंत पडली. 1991 मध्ये चीनमध्येच पहिली अधिकृत स्पर्धा झाली. सामने मात्र 90 नव्हे, 80 मिनिटांचे.