सहा सिग्मांचा डबा

काही माणसांना घराण्यांच्या वंशावळी जुळविण्याचा नाद असतो. मला तो शब्दांच्या बाबतीत आहे. त्यातही व्यापारी परिषदांच्या व्यासपीठांवर मिरविणारे शब्द मला विशेष प्रिय, कारण त्यांचे मूळ शोधू जावे तो भलत्याच गावी पोचावे लागते. मुंबईच्या डबेवाल्यांना चिकटलेला 'सिक्स सिग्मा' हा शब्द त्यांपैकीच.

सिग्मा हे ग्रीक लिपीतले एक अक्षर. सरासरीपासून आकडे किती इकडेतिकडे सरकतात हे मोजण्यासाठी कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने १८९४ च्या सुमारास ते संख्याशास्त्रात आणले. पुढे १९२४ मध्ये वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने टेलिफोनच्या कारखान्यातील मालाचा दर्जा राखण्यासाठी त्याच मोजणीचा उपयोग केला. येथवर सारे सरळ आहे. १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीतील बिल स्मिथ या इंजिनियरने 'सिक्स सिग्मा' असे नाव देऊन कंपनीपुढे एक ध्येय ठेवले: दहा लाख कामांत चुका ३.४ हून अधिक नकोत. गंमत अशी की, गणिताच्या पुस्तकाप्रमाणे सहा सिग्मांचा हिशेब अब्जात दोन चुकांच्या आसपास येतो! कारखान्यात कालांतराने यंत्रे थोडी सरकतात, म्हणून दीड सिग्माची सूट आधीच धरलेली. म्हणजे हा शब्द जन्मत:च थोडा ढिला होता. पण नाव भारदस्त. १९८८ मध्ये मोटोरोलाला अमेरिकेचा राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला, १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी हे व्रत घेतले, आणि कचेरीतल्या टायवाल्या गृहस्थांना कराटेतल्याप्रमाणे 'हिरवा पट्टा', 'काळा पट्टा' अशा पदव्या मिळू लागल्या. त्यानंतर ज्या परिषदेत सिग्मा नाही ती परिषद कसली?

आता मुंबईत येऊ. डबेवाल्यांच्या धंद्याचा आरंभ महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये केला असे सांगतात. मावळ, जुन्नर, खेड, आंबेगाव या भागांतली माणसे, डोक्यावर पांढरी टोपी, पुष्कळांच्या गळ्यात तुळशीची माळ. १९९८ मध्ये सुब्रत चक्रवर्ती या पत्रकाराने 'फोर्ब्स' नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. रोज सुमारे पावणेदोन लाख डबे पोचविणाऱ्या या लोकांच्या हातून चूक किती वेळा होते, असे त्याने संघटनेच्या अध्यक्षांना विचारले. ते म्हणाले, जवळजवळ नाहीच. दोन महिन्यांत एखादी. पत्रकाराने कागदावर गुणाकार केला आणि ऐंशी लाख डब्यांत एक चूक असा आकडा छापला. लक्षात घ्या, कोणी चुका मोजल्या नव्हत्या. एका अनुभवी माणसाचा तो अंदाज होता.

पुढची हकिकत चक्रवर्तींनीच नंतर सांगितली आहे. तीही त्यांच्या कानावर आलेली. २००२ मध्ये एका परिषदेत कुणा वार्ताहराने अध्यक्षांना विचारले, तुमची संस्था सिक्स सिग्मा आहे काय? ते काय असते हे त्यांना ठाऊक नव्हते. आकडा समजावून सांगितल्यावर ते उत्तरले, मग आम्ही तसेच आहोत, फोर्ब्सला विचारा. झाले! फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र दिले अशी बातमी निघाली. चक्रवर्ती म्हणतात, असे प्रमाणपत्र दिलेच नव्हते, आणि तो शब्द मी लेखात वापरलाही नव्हता. पण बातमी एका वर्तमानपत्रातून दुसऱ्यात उतरत गेली आणि अखेर व्याख्यानांतून वेदवाक्य झाली. त्या अध्यक्षांच्या हजरजबाबीपणाला मी मनापासून दाद देतो. राग येतो तो हा शब्द पुन:पुन्हा उगाळूनही एकदासुद्धा चुका मोजायला न गेलेल्या विद्वानांचा.

कारण खरे पाहण्यासारखे होते ते निराळेच. डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणांत निघण्याचे ठिकाण, उतरायचे स्टेशन, इमारत, मजला असे सारे मावते. घरापासून टेबलापर्यंत एकच डबा अनेक हातांतून जातो. मोठ्या स्टेशनावर डबे चढवा-उतरवायला चाळीस सेकंद, लहान स्टेशनावर वीस. प्रत्येक टोळीत दोनतीन माणसे जादा ठेवलेली असतात. एखादा आजारी पडला तर त्याचा फेरा दुसरा उचलतो. कारखानदारीच्या पंडितांना अशी जादा माणसे म्हणजे उधळपट्टी वाटते. येथे डबा वेळेवर पोचतो तो त्यांच्याच भरवशावर. टोळीची मिळकत टोळीतच वाटली जाते, त्यामुळे शेजाऱ्याची चूक ती आपलीही चूक. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने २०१० मध्ये या पद्धतीवर अभ्यासपाठ काढला. त्यात यातले पुष्कळसे आले, पण सभागृहांत टाळ्या मिळत राहिल्या त्या सिग्माला.

मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि डबे थांबले. ज्यांच्या नावाने परिषदा गाजल्या होत्या, त्यांतले कित्येक गावाकडे शेतीला लागले. पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा बऱ्याच कचेऱ्या लोकांच्या घरी गेलेल्या होत्या, आणि घरी बसून काम करणाऱ्याला डबा कशाला लागतो? परतलेल्यांना पूर्वीइतके डबे मिळाले नाहीत, आणि पुष्कळजण तर परतलेच नाहीत.