नदीचे दोन काठ

खेड्याशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला गोचीड ठाऊक नाही असे सहसा होत नाही. गाईच्या कानामागे किंवा म्हशीच्या कासेपाशी फुगून बसलेल्या गोचिडी काढण्याचे काम लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. एखादा माणूस चिवटपणे मागे लागला तर त्याला गोचिडीची उपमा देण्याची आपल्याकडे रीत आहे. सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे ही उपमा अर्जदारांना आणि, खासगीत, अधिकाऱ्यांनाही दिली जात असलेली मी ऐकली आहे. मात्र आज मी जी हकीकत सांगणार आहे ती आपल्या गोठ्यातली नाही. ती अमेरिकेच्या माँटाना राज्यातील बिटररूट नावाच्या दरीची आहे.

ही दरी मोठी देखणी आहे. मधून बिटररूट नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पश्चिमेला बिटररूट पर्वताची हिमाच्छादित शिखरे आणि पूर्वेला सॅफायर पर्वताची रांग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे शेतकरी आणि लाकूडतोडे येऊन वसले. त्यांच्या पाठोपाठ दर वसंत ऋतूत एक भयंकर ताप येऊ लागला. आधी डोके फुटावे तसे दुखे, मग मनगटांवर आणि घोट्यांवर बारीक ठिपके उठत, पाहता पाहता ते अंगभर पसरत आणि काळवंडत. लोक त्याला ‘काळा गोवर’ म्हणत. दहा आजाऱ्यांपैकी सहासात दगावत. नवल असे की, हे मृत्यू जवळजवळ सारे नदीच्या पश्चिम तीरावर होत. पूर्व तीरावरची घरे निर्धास्त होती. मधे अंतर ते केवढे? एका नदीचे! शेजारच्या आयडाहो राज्यात तर हाच ताप इतका सौम्य होता, की शंभरात पाचांहून अधिक रोगी क्वचितच मरत. पर्वतावरच्या वितळलेल्या बर्फाचे पाणी पिण्याने हा रोग होतो, अशी पश्चिम तीरावरील पुष्कळांची समजूत होती.

1902 साली विल्सन आणि चाउनिंग या दोन संशोधकांनी गोचिडीवर संशय व्यक्त केला. परंतु रोगाचे कारण म्हणून त्यांनी जो जीव दाखवला तो चुकीचा ठरला. 1906 मध्ये शिकागो विद्यापीठाचे हॉवर्ड रिकेट्स दरीत आले. त्यांची पद्धत सरळ होती. आजारी गिनीपिगाच्या अंगावर त्यांनी गोचीड लावली, रक्त प्याल्यावर तीच गोचीड निरोगी गिनीपिगावर सोडली. तो आजारी पडला. पुढे त्यांना आणखी एक मर्म उमगले. रोगट मादीच्या अंड्यांतूनही हे विष पुढल्या पिढीत उतरते. म्हणजे गोचीड ही केवळ रोगाची वाहक नव्हे. ती त्याची वडिलोपार्जित तिजोरी आहे! ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. आपल्या कोड्याची किल्ली तीच आहे.

रिकेट्स यांना आयुष्य लाभले नाही. टायफस तापाचा अभ्यास करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले आणि 1910 साली त्याच तापाने वारले. वय अवघे एकोणचाळीस. 1916 मध्ये ब्राझीलच्या दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूला नाव देताना त्यांची स्मृती जपली. ‘रिकेट्सिया’ हे या जंतुकुळाचे नाव तेव्हापासूनचे. 1912 साली गोचिडींच्या निर्मूलनासाठी नेमलेले सरकारी डॉक्टर मॅक्लिंटिक हेही याच दरीतला ताप घेऊन परतले आणि मरण पावले. आम्हां नोकरदारांच्या इतिहासात बदल्या आणि बढत्याच फार. म्हणून असा एखादा माणूस आढळला की लेखणी क्षणभर थांबते.

1924 मध्ये डॉ. स्पेन्सर यांनी गोचिडी वाटून तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या दंडात टोचून घेतली. 1928 साली हॅमिल्टन गावी प्रयोगशाळेची पक्की इमारत उभी राहिली, तेव्हा तीतून गोचिडी निसटून गावात येतील या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला. तो शमवण्यासाठी इमारतीभोवती पाण्याचा लहानसा खंदक बांधावा लागला. 1948च्या सुमारास नवी प्रतिजैविके हाती आली आणि वेळीच ओळखला तर हा ताप बरा होऊ लागला.

रोग आटोक्यात आला, पण कोडे उरलेच. गोचिडी नदीच्या दोन्ही काठांवर होत्या, आणि त्याही एकाच जातीच्या. माणसे, गुरे, घोडे पुलावरून रोज येजा करीत. मग मरण तेवढे पूल ओलांडायला का कचरत होते?

याचा उलगडा 1981 साली सुरू झाला. त्याच हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेतील विली बर्गडॉर्फर आणि त्यांचे सहकारी यांना आढळले, की पूर्व काठावरील बहुसंख्य गोचिडींच्या अंडाशयांत एक वेगळाच रिकेट्सिया ठाण मांडून आहे. तो घातक जंतूचा अगदी जवळचा भाऊबंद. पण गिनीपिगाला वा माणसाला काही करीत नाही. 1997 मध्ये त्याला ‘रिकेट्सिया पीकॉकी’ हे नाव मिळाले. ज्या मादीच्या अंडाशयात हा निरुपद्रवी भाऊ आधी येऊन बसतो, तिच्या अंड्यांत घातक भावाला शिरकाव मिळत नाही. वारसा तुटला की तिजोरी रिकामी होते. पूर्व काठाचे रक्षण नदीने केले नव्हते. दृष्टीलाही न दिसणाऱ्या एका जंतूने ते केले होते.

2009 साली या जंतूची संपूर्ण जनुकरचना वाचली गेली. तीत आपली जागा बदलत फिरणाऱ्या जनुकखंडांच्या पुष्कळ प्रती सापडल्या. त्यांच्या उलथापालथीत रोगकारक ठरण्याजोगी काही जनुके मोडून पडली होती. घराणे एकच, पण एका भावाच्या हातात शस्त्र राहिले आणि दुसऱ्याच्या हातातले गळाले, एवढाच काय तो फरक.

निरुपद्रवी म्हणून गणलेला प्रत्येक जंतू मात्र तसाच निघतो, असे नाही. याच प्रयोगशाळेच्या राल्फ पार्कर यांना 1937 साली टेक्सासच्या किनारी प्रदेशातील गोचिडींत एक रिकेट्सिया सापडला होता. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले आणि माणसाला तो बाधत नाही असे धरले गेले. तब्बल साठाहून अधिक वर्षांनी, 2002 मध्ये, व्हर्जिनियातील एका रुग्णात तोच जंतू निघाला. 2004 साली तसे प्रसिद्ध झाले. मधल्या काळात असे किती ताप दुसऱ्याच नावाखाली नोंदले गेले असतील!

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. गोचिडींमुळे होणाऱ्या टायफससारख्या तापाकडे 1921 साली मेगॉ यांनी हिंदुस्थानात लक्ष वेधले होते. भूमध्य समुद्राकाठचा ठिपक्यांचा ताप आणि आपल्याकडचा हा ताप एकाच जंतूचे मानले जात. 2005 मध्ये जनुकांच्या तुलनेवरून त्या जंतूचे चार उपप्रकार करण्यात आले आणि त्यांतल्या एकाला ‘इंडिका’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रातही ठिपक्यांच्या तापाचे रुग्ण आढळले आहेत. अशा तापात पहिल्या काही दिवसांतच योग्य औषध मिळणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. म्हणून रानातून किंवा गोठ्यातून आलेल्या तापकऱ्याने डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

कचेरीत आम्ही एका शीर्षकाखाली शेकडो प्रकरणे बांधून ठेवतो आणि काम झाले असे समजतो. बिटररूटच्या लोकांनीही एकाच नावाखाली गोचिडीची फाईल बांधली होती. पण ज्यांनी ती पुन्हा पुन्हा उघडली, पश्चिम काठ आणि पूर्व काठ असा भेद टिपून ठेवला आणि त्याचे कारण विचारीत राहिले, त्यांच्यामुळेच सत्य हाती आले. त्यांतले काहीजण फाईल बंद होण्यापूर्वीच निघून गेले. दरीतली ती नदी आजही उत्तरेकडे वाहते आहे. दोन्ही काठांवर माणसे सुखाने नांदत आहेत. त्या सुखाच्या जमाखर्चात रिकेट्स आणि मॅक्लिंटिक यांची नावे पहिल्या ओळीत असायला हवीत.