संयुक्त 'मानापमान'

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळी नाटक मंडळ्यांमधील चुरस मोठी होती. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस 'ललितकलादर्श' स्थापिली. बालगंधर्वांनी १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह 'गंधर्व नाटक मंडळी' उभारिली. या दोन गायकनटांच्या चाहत्यांचे जणू दोन तटच पडले होते. अशा स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ दोन्ही मंडळ्यांनी खाडिलकरांचे 'मानापमान' एकत्र सादर केले. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. नाटकाचे नाव 'मानापमान'. परंतु मंडळ्यांचा मानापमान त्या रात्री बाजूस राहिला. पाठोपाठ संयुक्त 'सौभद्र'ही रंगले.

हा योग मात्र अल्पजीवी ठरला. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव निवर्तले. पुढे 'ललितकलादर्श'ची धुरा बापूराव पेंढारकरांनी सांभाळली आणि १९२२ साली वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' हे नवे नाटक रंगभूमीवर आणिले. संयुक्त प्रयोगातील ते गायन आज ऐकावयास मिळत नाही. त्याची साक्ष आठवणींच्या ग्रंथांतून उरली आहे, आणि असे ग्रंथ जपणे हेच ग्रंथालयांचे कार्य होय.