आत्मत्याग : एका शब्दाचा अर्थ आणि आरंभीच्या ख्रिस्ती मठजीवनातील त्याचा विकास

मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात शिष्यत्वाची पहिली अट ‘आत्मत्याग’ या शब्दाने सांगितलेली आहे (मार्क ८:३४). हा शब्द संस्कृतातील असून तेथे त्याला आत्मघात असाही अर्थ आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ‘आत्मत्यागिनी’ हे पद आत्मघात करणाऱ्या स्त्रीस लाविले असून, तिच्यासाठी अशौच पाळू नये व उदकदान करू नये, असा निर्बंध सांगितला आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानातील ‘अपार्नेओमाइ’ या क्रियापदाचा अर्थ मात्र निराळा आहे. पेत्राने येशूस नाकारिले त्या प्रसंगीही मार्काने हेच क्रियापद योजिले आहे. एखाद्याशी आपला संबंध नाही असे सांगणे, त्याचा आपल्यावरील हक्क न मानणे, हा त्याचा अर्थ होय. मराठीत ‘आत्मत्याग’ आज स्वार्थत्यागाच्या अर्थाने रूढ असल्याने भाषांतरास दोष देण्याचे कारण नाही. तथापि स्वतःचा हक्क नाकारणे आणि स्वतःचा नाश करणे यांतील भेद हा केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. इसवी सनाच्या चौथ्या व पाचव्या शतकांत ईजिप्तच्या अरण्यवासी ख्रिस्ती साधूंपुढे तो प्रत्यक्ष आचरणाचा प्रश्न म्हणून उभा राहिला.

या साधूंच्या आचाराला ग्रीकमध्ये ‘आस्केसिस’ अशी संज्ञा होती. संस्कृत ‘तपस्’ शब्दाच्या मुळाशी उष्णतेची, तापण्याची कल्पना आहे. ‘आस्केसिस’च्या मुळाशी सरावाची. मल्ल आपले शरीर कमावतो, त्या मेहनतीस हा शब्द लावीत. मराठीत त्याला जवळचा शब्द शोधावयाचा तर तो ‘तप’ हा नसून ‘अभ्यास’ हा होय. अभ्यास कशासाठी, हा प्रश्न या शब्दातच अनुस्यूत आहे.

या परंपरेचा आदिपुरुष म्हणून अंतोनी (सु. २५१–३५६) याचे नाव घेतले जाते. त्याचे चरित्र अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथानासियस याने त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत लिहिले. मातापित्यांच्या निधनानंतर, वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी, अंतोनीने मंदिरात शुभवर्तमानाचे वाचन ऐकिले आणि वडिलोपार्जित ३०० अरूरा, म्हणजे सुमारे २०० एकर, सुपीक जमीन गावकऱ्यांस देऊन टाकिली. धाकट्या बहिणीसाठी राखलेला अल्प अंशही त्याने पुढे वाटून टाकिला व तिला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. बहिणीचे मत काय होते, हे चरित्रकार सांगत नाही. एकाच्या त्यागाचा भार दुसऱ्यावरही पडतो, ही गोष्ट या परंपरेच्या पहिल्याच पानावर नोंदली गेली आहे.

त्याच चरित्रात एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. एका ओसाड गढीत सुमारे वीस वर्षे एकांतात काढून अंतोनी बाहेर आला, तेव्हा लोकांस तो कृश किंवा विकल दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो स्थूलही झाला नव्हता, क्षीणही झाला नव्हता; त्याचे शरीर पूर्वीसारखेच होते व चित्त सम होते. चरित्र आदर्श घालून देण्याकरिता लिहिलेले असल्याने हे वर्णन जसेच्या तसे ऐतिहासिक मानता येणार नाही. परंतु आदर्श म्हणून अथानासियसने झिजलेला देह पुढे न ठेवता समतोल पुरुष पुढे ठेविला, हे महत्त्वाचे आहे.

हा समतोल सर्वत्र राहिला नाही. आशिया मायनरमधील गांग्रा येथे चौथ्या शतकाच्या मध्यास धर्माध्यक्षांची परिषद भरली व तिने २० नियम करून सेबास्तेच्या युस्ताथियसच्या अनुयायांचा निषेध केला. विवाहास तुच्छ मानणे, रविवारीही उपवास करणे, वैराग्याच्या नावाखाली मुलाबाळांना किंवा आईबापांना टाकून देणे, हे निषेधाचे विषय होते. धर्माच्या निमित्ताने धन्यास सोडून जाण्यास दासांना उत्तेजन देणाऱ्यांचाही याच नियमांत निषेध आहे. यावरून परिषदेला प्रस्थापित समाजव्यवस्थेचीही चिंता होती, हे उघड होते. मात्र नम्रतेने केलेल्या वैराग्यास आपला विरोध नाही, असे परिषदेने शेवटी स्पष्ट केले.

बाह्य नियमांनी हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता, त्याचे अंतरंग उलगडले ते योहान कासियन (सु. ३६०–४३५) याने. चौथ्या शतकाच्या अखेरीस तो ईजिप्तच्या अरण्यात साधूंच्या सहवासात राहिला आणि पुढे दक्षिण गॉलमधील मार्सेय येथे स्थायिक होऊन त्याने त्यांचे २४ संवाद लॅटिनमध्ये ग्रथित केले. मध्ये दोन-तीन दशके लोटली असल्याने हे संवाद शब्दशः वृत्तांत नव्हेत. त्यांत कासियनची स्वतःची मांडणी आहे. पहिल्या संवादात अब्बा मोशे साधन व साध्य यांचा भेद करतो. उपवास, जागरण, निर्धनता ही साधने. चित्तशुद्धी, म्हणजेच प्रेम, हे साध्य. उपवास मोडला म्हणून क्रोध येत असेल, तर उपवासाने मिळविले त्याहून अधिक क्रोधाने गमाविले, असा त्याचा हिशेब आहे. कासियनच्याच दुसऱ्या एका ग्रंथात, पाहुणा आला असता उपवास सोडणारा वृद्ध साधू भेटतो. उपवास नेहमी जवळच आहे, पाहुणा मात्र निघून जाणार, अशी त्याची भूमिका आहे.

दुसऱ्या संवादात हेरोन नावाच्या साधूची कथा येते. ५० वर्षे त्याने अरण्यात कठोर उपवास केले. पुनरुत्थानाच्या सणाला सर्व बंधू एकत्र जेवीत. पण थोडी कडधान्ये खाल्ली तरी आपला नेम ढळेल या भयाने तो त्यांच्या पंक्तीसही येईना. अखेर, आपल्या पुण्याईमुळे आपणास इजा होणार नाही, अशा भ्रमाने त्याने एका खोल विहिरीत उडी घेतली. बंधूंनी त्याला अर्धमेल्या स्थितीत वर काढिले. तिसऱ्या दिवशी तो मरण पावला. आपण फसलो हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही. मठप्रमुख अब्बा पाफ्नुशियस याचे मन मोठ्या कष्टाने वळवावे लागले, तेव्हा कोठे हेरोनची गणना आत्मघातक्यांत न होता मृतांसाठीच्या प्रार्थनेस तो पात्र ठरला.

येथे याज्ञवल्क्यस्मृतीतील निर्बंधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोन परंपरांचा परस्परसंबंध येथे सुचवावयाचा नाही. परंतु आत्मत्याग कोणत्या बिंदूला आत्मघात होतो, हा प्रश्न दोहोंकडे अंत्यविधीच्या रूपाने उभा राहावा, हे लक्षणीय आहे. हेरोनने सर्व काही टाकिले. फक्त स्वतःचा निर्णय टाकिला नाही. ज्या ‘स्व’ला नाकारावयाचे, तोच त्याच्या उपवासावर पोसला गेला, हे कासियनचे निदान होय. म्हणून तो विवेकास, लॅटिन संज्ञेने ‘दिस्क्रेतिओ’स, सर्व सद्गुणांची जननी म्हणतो, आणि आपले मन वडीलधाऱ्यापुढे उघडे करणे हा त्या विवेकाचा मार्ग सांगतो.

सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्ट याने या विचारास संस्थेचे रूप दिले. त्याच्या मठनियमात कासियनचे संवाद वाचण्याची शिफारस आहे. प्रत्येकास रोज एक पौंड भाकरी व एक हेमिना द्राक्षासव, दुर्बलांस अधिक सवलत, असे माप तो ठरवितो. उपवासकाळात कोणास अधिक काही वर्ज्य करावयाचे असेल, तर त्यास मठाधिपतीची अनुमती हवी. अनुमतीवाचून केलेला त्याग तो पुण्यात न धरता अहंकारात जमा करतो. आज्ञाधारकतेचा दुरुपयोग होऊ शकतो, याचीही त्याला जाणीव दिसते. महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने अगदी लहान बंधूंचेही मत घ्यावे, आणि आज्ञा अशक्य वाटल्यास बंधूने आपली अडचण योग्य वेळी सांगावी, अशी तरतूद त्याने केली आहे. मात्र अंतिम निर्णय मठाधिपतीचाच राहतो. एकाच्या हट्टावर उपाय म्हणून दुसऱ्याची सत्ता आली, आणि मठजीवनाच्या पुढील इतिहासात ही अडचण पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसते.

अंतोनीपासून बेनेडिक्टपर्यंतच्या सुमारे पावणेतीन शतकांत आत्मत्यागाची कसोटी बदलत गेली. काय सोडिले व किती सोडिले, हा प्रश्न मागे पडून, सोडण्याचे माप कोण ठरवितो आणि त्यातून प्रेम वाढते की नाही, हा प्रश्न पुढे आला. मूळ ग्रीक क्रियापदाच्या अर्थाशी हे उत्तर अधिक जुळते. मराठी ‘आत्मत्याग’ शब्दाचा विचार करतानाही हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा विहिरीत उडी घेणारा हेरोन आणि पाहुण्यासाठी उपवास सोडणारा वृद्ध साधू यांत खरा आत्मत्यागी कोण, याचे उत्तर चुकीचे येण्याचा संभव आहे.